गेल्ड नावाच्या शब्दाची कैफियत

मी एक जुना शब्द आहे. नाव गेल्ड. जी मेंढी यंदा गाभण राहिली नाही, जी गाय आटली, तिच्या कपाळी मी. तुमच्याकडे हेच काम भाकड करतो. मित्रांनो, त्याला माझा नमस्कार सांगा. त्याचेही दिवस काही बरे नसतील.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या थंड मुलखातला. हजारएक वर्षांपूर्वी लुटारूंच्या होड्यांतून मी इंग्लंडच्या उत्तरेला उतरलो. त्या लोकांनी आधी गावं जाळली, मग त्याच गावांत मेंढ्या पाळल्या. दोन्ही कामांना मी हजर होतो. कोरडेपणाच्या आणि वांझपणाच्या शब्दांना इंग्रजीत तोटा नाही. बॅरन चर्चमध्ये जातो, एरिड पुस्तकांत राहतो, डल शाळामास्तरांच्या जिभेवर बसून खातो. मी डोंगरावर, ओल्या लोकरीच्या वासात राहिलो. माझं कौतुकही झालं. जत्रेत एखादा म्हातारा मेंढपाळ मेंढीच्या पोटाखाली हात घालून "गेल्ड" म्हणाला, की त्यावर कोणी वाद घालत नसे. पाद्र्याचं प्रवचन रटाळ झालं, तर मागच्या बाकावर माझीच कुजबूज होई.

एक गोष्ट मात्र मी टिपून ठेवली होती. मला चिकटवायचे ते नेहमी मादीलाच. म्हातारा एडका सबंध हंगाम नुसता उभ्या उभ्या रवंथ करी, मेंढ्या रिकाम्या राहत, आणि शिक्का बसे मेंढ्यांवर.

मला एक जुळा भाऊ आहे. तो दक्षिणेत स्थायिक झाला. नाव तेच, धंदा वेगळा: सुरीचा. तिकडे गेल्ड म्हणजे खच्ची करणं. आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ती पडली आयझॅक बिर्केटच्या मेंढवाड्यात.

आयझॅक डोंगरासारखा माणूस. बोलणं कमी, हात जास्त. त्याची बायको टॅमर. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्या वर्षी बारा मेंढ्या रिकाम्या राहिल्या आणि बर्फात म्हातारा एडका मेला. आयझॅक जेवताना म्हणायचा, "रानात बारा गेल्ड, घरात तेरावी. मी काय दगडांची पैदास करू?" टॅमर त्याच्या ताटलीत बटाटे वाढायची. एवढ्यावर भागलं नाही, तर ताटलीही भिंतीवर फुटायची.

आता सगळी मदार ड्यूकवर होती. आई मेलेलं हे कोकरू टॅमरने चुलीपाशी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. वर्षाचा झाला तेव्हा त्याची शिंगं अशी वळली होती, की शेजारी कुंपणाशी थांबून बघत. पुढच्या वर्षीचं एकूण एक कोकरू त्याचंच व्हायचं होतं. दुसरा एडकाच नव्हता. तो डोळ्यासमोर राहावा म्हणून टॅमरने त्याला त्या बारा भाकड मेंढ्यांबरोबर धाकट्या वाड्यात ठेवला होता.

जूनमध्ये कोकरं खच्ची करायची म्हणून आयझॅकने पेलिंग नावाचा गडी ठेवला. ससेक्सचा, थेट दक्षिणेचा; कामाला वाघ, येऊन चारच दिवस झालेले. त्या दिवशी आयझॅक कुत्रा घेऊन वर डोंगरात गेला होता. पेलिंगने कोकरांचा थोरला वाडा उरकला. कोपरापर्यंत रक्त, तोंडालाही रक्त. आमच्याकडे हे काम सुरीने सुरू होतं आणि दातांनी संपतं.

वारा सुटला होता. भिंतीवरून तो ओरडला, "मालकीणबाई, ह्या धाकट्या वाड्याचं काय?"

टॅमर अंगणात कोकरांच्या जखमांना लावायचं डांबर ढवळत होती. तिने मान वर केली नाही. "गेल्ड!"

"मोठासुद्धा?"

तिला अर्धंच ऐकू आलं. "हो रे बाबा, सगळ्या! गेल्ड!"

पेलिंगने वाड्यात पाहिलं. नर एकच होता.

मित्रांनो, मी तिच्या तोंडातून निघालो आणि त्याच्या कानात शिरेपर्यंत माझा भाऊ झालो. पुढचं मी पाहिलं, पण ते थांबवायला मला हात नाहीत. ड्यूकने शिंगाने पेलिंगची मांडी फाडली. पेलिंगने त्याला गुडघ्याखाली दाबला. भिंतीचे खालचे दगड लाल झाले.

आयझॅक उतरला तेव्हा पेलिंग सुरी पुसत होता. "झालं मालक, सगळं उरकलं. मोठा जरा लाथाळ होता."

आयझॅकने वाड्यात डोकावलं. पहिला फटका काठीचा, त्यात काठी मोडली. दुसरा फावड्याचा, त्यात पेलिंगचा खांदा.

"कुणी पाठवलं तुला? पलीकडच्या खोऱ्यातल्यांनी ना?"

"मालकीणबाईंनीच सांगितलं हो!"

"तिने? तिने त्याला मांडीवर वाढवलाय, हरामखोरा!"

त्याने पेलिंगची मान धरली आणि डोकं पाण्याच्या दगडी हौदात दाबलं. टॅमर धावत आली आणि हौदापाशी थबकली. तिला कळलं होतं. सुरी, वाडा, आपण काय ओरडलो ते, सगळं. गप्प राहिली असती तर तिच्यावर काही आलं नसतं; एक परका गडी गेला असता, इतकंच. बोलली, तर दोष तिचा, आणि आयझॅकचा हात मोकळा.

पाण्यावर बुडबुडे येत होते. मेंढ्या मोजतात तसे मी ते मोजले. यान, टान, टेथेरा, मेथेरा. पिम्पला, म्हणजे पाचव्याला, ती बोलली.

"सोड त्याला! मी म्हणाले गेल्ड! मेंढ्या गेल्ड आहेत म्हणून सांगत होते मी. त्याच्या गावी त्याचा अर्थ खच्ची कर असा असेल. विचार त्याला!"

आयझॅकने मान वर ओढली. पेलिंग पाणी ओकत म्हणाला, "मग... दुसरा काय असतो?"

आयझॅकने त्याला चिखलात टाकला आणि टॅमरकडे वळला. मूठ वर गेली. "तू! स्वतः गेल्ड, आणि माझं सगळं घरदार गेल्ड करून बसलीस..."

तोवर टॅमरने चिखलातली पेलिंगची सुरी उचलली होती.

"अजून एकदा म्हण, आयझॅक," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "अकरा वर्षं मला एकच अर्थ माहीत होता. आज दुसरा पण कळलाय."

मूठ बराच वेळ वरच राहिली. मग खाली आली, आणि आयझॅक पेलिंगला बसता करायला वाकला.

ड्यूक जगला. नुसता चरायचा. आयझॅकला शेजाऱ्यांकडून एडका मागून आणावा लागला. त्या बारांपैकी नऊ मेंढ्या पुढच्या वसंतात व्यायल्या. मेलेल्या म्हाताऱ्या एडक्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

त्या घरात मला पुन्हा कोणी उच्चारलं नाही. हळूहळू खोऱ्यातही मी मागे पडलो. खूप वर्षांनी एक पंडित वही घेऊन जुने शब्द गोळा करत आला. म्हाताऱ्या टॅमरला त्याने विचारलं, "गाभण न राहिलेल्या मेंढीला तुमच्यात काय म्हणतात, आजी?"

मी तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन उभा राहिलो. तिने मला गिळलं. "काही म्हणत नाही," ती म्हणाली, "यंदा तिला सुट्टी आहे, इतकंच."

पंडिताने ते वहीत लिहून घेतलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तिचं बरोबर होतं. माझ्यासारखे शब्द तुमच्याही घरात असतील. त्यांना मेंढ्यांपुरतं ठेवा. आणि माणसाला लावायची इच्छा झालीच, तर आधी डोकं थंड व्हायला दारापर्यंत एक फेरी मारून या.