लाइन शांत पडली की

माझी मुलगी भूमिका पुण्यात एका मोबाइल कंपनीत इंजिनिअर आहे. तिचं काम काय, तर एका मशीननं दुसऱ्या मशीनला अधूनमधून "आहेस का?" असं विचारावं, याची सेटिंग करायची. एवढ्याचा तिला पगार मिळतो. गेटवे म्हणजे लोकांचं इंटरनेट सोडणारं मशीन आणि बिलिंग सर्व्हर म्हणजे त्याचा हिशेब ठेवणारं. सर्व्हरनं तीनदा "आहे" म्हटलं नाही, की गेटवे त्याला मेला असं धरतं आणि काम बाजूच्या सर्व्हरला देतं.

माझी बायको गयाबाई गेली आणि भूमिकानं हीच सेटिंग मला लावली.

सकाळ-दुपार-संध्याकाळ ती घंटी देणार, मी ती कापायची. कापली म्हणजे बाबा आहेत. कापण्यात माझा हात कोणी धरणार नाही. स्टील प्लांटमध्ये होतो तेव्हा ड्युटीवर पोचलो की घरी मिस कॉल द्यायचो आणि गयाबाई तो कापायची. आमच्या घरात फोन उचलणं म्हणजे उधळेपणा. लागोपाठ तीन घंट्या कापल्या गेल्या नाहीत, तर शेजारच्या नरेशनं किल्ली घेऊन धावायचं. आणि नरेशला एकदा जरी धावावं लागलं, तर मी वैशाली नगरचं घर बंद करून पुण्याला राहायला जायचं. ही अट मी रागाच्या भरात कबूल करून बसलो होतो. पुण्यात मी काय करणार, गॅलरीतून गाड्या बघणार?

रविवारी पावर हाउसच्या बाजारात भरताची वांगी घ्यायला गेलो. तिथंच मोहन नगरहून माझ्या साळ्याचा, शेषरावचा फोन आला. त्याचं गुडघ्याचं पुराण एकदा सुरू झालं की आवरत नाही. मधेमधे कानात टुकटुक होत होतं. मला वाटलं, याचा गुडघाच वाजतोय.

घरी आलो तर दार सताड उघडं आणि अंगणात चपलांचा ढीग. मी घरातही नाही, असं नरेश आत डोळे पुसत फोनवर सांगत होता. त्याच्या बायकोनं, ममतानं, आलेल्यांसाठी चहासुद्धा टाकला होता, माझ्याच दुधाचा.

"कोन गेलं?" मी विचारलं.

नरेशनं फोन माझ्या हातात दिला.

भूमिका आधी रडली, मग चिडली. "बस झालं, बाबा. ठरलं होतं ना? मी तुमचं पुण्याचं तिकीट काढून राहिली."

माझं डोकं फिरलं. "अवं, शेषरावसंग बोलून राहिलो होतो. बोलनाऱ्या मानसाले मेला धरते का कोनी? तुया मशीनी बी असंच करतेत?"

कामाचा विषय निघाला की ही रडायचं विसरते. अगदी माझ्यावर गेली आहे.

"नाई," ती नाक ओढत म्हणाली. "त्या दोघायचं आपसात काम सुरू असलं, की विचारतच नाई. लाइन शांत पडली, तरच विचारते."

"मंग आपली लाइन काहून शांत हाय व?"

बोलून गेलो आणि मलाच कसंतरी झालं. पोरीची आठवण मला रोज येते आणि रोज मी तिलाच कापतो.

"वांगे किती आनले?" तिनं विचारलं.

"दोन किलो."

"एकट्यासाठी?"

"सस्ते होते."

ती हसली. तिकिटाचं विचारलं तर म्हणाली, "देखते हैं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजली. अंगठा सवयीनं लाल बटणावर गेला होता. मी फोन उचलला.

"बाबा? काय झालं?" ती घाबरलीच.

"काई नाई. काल भरीत करपलं."

"गॅस मोठा ठेवला असन."

"तुई माय कशी करे व? सांग बरं."

तिनं सांगितलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

दुपारी घंटी वाजली नाही. त्याआधीच मीठ किती घालायचं ते विचारायला मी फोन केला होता.