दार धरायची पाळी

मिस्त्री बत्तीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलत होते आणि त्यांची सून दोन वर्षांपासून त्याच डेपोची बस चालवत होती. युनियनची निवडणूक आली, तसं जेवताना मिस्त्रींनी जाहीर केलं, "आपली दोन्ही मतं गोडबोल्याला."

"माझं धरू नका, बाबा. मी जाणारच नाही," सून म्हणाली. "एक नुसता गोड बोलतो. दुसरा, तो घोऱ्या, मीटिंगमध्ये झोपतो. कुणाला निवडायचं?"

"अगं, दगडापेक्षा वीट मऊ."

"डोक्यात पडली की दोन्ही सारखीच. आम्हा सहा बायकांच्या खोलीला आतून कडी नाही. एक कपडे बदलते, दुसरी बाहेर दार धरून उभी. यातल्या एकाला तरी ठाऊक आहे?"

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. त्या दारावरून ते रोज जात. बाहेर बाई दिसायची. कुणाची तरी वाट बघतेय, असं वाटायचं.

"उद्याच बसवतो मी कडी."

"तुम्ही बसवाल हो. परवा नळ हवा, पंखा हवा. दर वेळी सासऱ्यालाच सांगायचं का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री तिला घेऊन दोघांकडे गेले. गोडबोल्या म्हणाला, "सूनबाई, कडी काय मागता? महाल बांधून देऊ!" घोऱ्या मात्र उठून खोलीपर्यंत आला. दार दोनदा ढकलून बघत पुटपुटला, "मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

वचन त्यानं काही दिलं नाही. तरी सहाही जणींनी मतं त्यालाच टाकली. घोऱ्या अकरा मतांनी पडला.

सून तोंड पाडून घरी आली. मिस्त्रींनी तिच्यापुढे चहा ठेवला. "मीसुद्धा त्यालाच दिलं," ते हळूच म्हणाले. "गोडबोल्या माझा लहानपणचा दोस्त. त्याला बोलू नकोस हं." सून खुदकन हसली.

सोमवारी सहाही जणी गोडबोल्यासमोर उभ्या राहिल्या.

"बघू," तो म्हणाला.

"इथे बसून काय दिसणार? चला." सुनेनं त्याला खोलीपर्यंत नेलं आणि दार धरायला सांगितलं. एकेक जण आत जाऊन कपडे बदलू लागली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. चौथीच्या वेळी गोडबोल्या घामाघूम होऊन स्टोअरवाल्यावर ओरडला, "अरे, कडी आण, लवकर!"

वर्कशॉपच्या दारातून मिस्त्री हे सगळं पाहत होते. मदतीला जावं, असं त्यांना वाटलं. पण सुनेचं छान चाललं होतं. ते जागचे हलले नाहीत.