सगुणाबाईंचा प्रश्न

परीक्षा आमच्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात व्हायची होती, आणि ते अनुष्कानेच ठरवलं होतं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीचं प्रशिक्षण केंद्र मुळशी धरणाच्या अलीकडे टेकडीवर आहे. माझी मुलगी सात महिने तिथे राहत होती. पहाटे साडेपाचला उठायचं, प्रार्थना, बायबलचा अभ्यास, आणि मग संध्याकाळी सहापर्यंत फक्त कोरियन. जेवताना मीठ मागायचं तरी कोरियनमध्ये. शब्द आठवला नाही तर अळणी खायचं. पहिल्या महिन्यात तिचं वजन तीन किलोंनी उतरलं. आमच्याशी बोलायला रविवारचा अर्धा तास मिळायचा.

शेवटची परीक्षा कागदावर नव्हती. कोरियन न येणाऱ्या एखाद्या घरी परीक्षक जेवायला येणार आणि उमेदवाराने दुभाष्याचं काम करायचं. बोललं जाईल ते सगळं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. इंग्रजी बंद. उत्तीर्ण झाली तर सप्टेंबरपासून दोन वर्षं कोरियात, समुद्रकाठच्या एका वृद्धाश्रमात मिशनरी म्हणून सेवा. नाही झाली तर ती जागा दुसऱ्या कुणाला. याच जागेसाठी तिने नर्सिंगनंतर पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलची नोकरी नाकारली होती.

"परीक्षा आपल्याच घरी का नको?" मी फोनवर विचारलं होतं.

"तू आणि पप्पा माझ्या सोयीचं बोलाल," ती म्हणाली. "सगुणाआजी नाही बोलणार."

हे खरं होतं. माण गावातल्या आमच्या घरमालकीण सगुणाबाईंच्या भातखाचरावर आता चार मजली इमारत उभी आहे. तिच्यातल्या एकाही भाडेकरूशी त्या कधी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. आम्ही नगरहून इथे राहायला आलो, त्या दिवशी त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य होतं, "तुमी किरिस्ताव न्हवं? घरात घंटा वाजवणार असाल तर आत्ताच सांगा, माझी म्हस बुजती."

शनिवारी साडेबाराला कोरियन परीक्षक यूनबाई आल्या. वय सत्तर, निवृत्त शिक्षिका. आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाकडे तीन महिन्यांपूर्वी राहायला आल्या होत्या. हातात छोटी काळी वही. सगुणाबाईंनी गावरान कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकरी आणि भात केला होता. अनुष्का दोघींच्या मधे बसली, मी वाढायला.

"हिला विचार, वय काय?" सगुणाबाईंनी सुरुवात केली.

मी धास्तावले. पण अनुष्काने विचारलं, आणि यूनबाईंनी जराही राग न मानता उत्तर देऊन उलट तोच प्रश्न केला. सगुणाबाई त्र्याहत्तर. तिथेच जेवण अडलं. यूनबाई ताटाला हात लावेनात.

"त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय धाकटे जेवत नाहीत, आजी. तुम्ही तीन वर्षांनी मोठ्या आहात."

"आन् आमच्याकडं पाव्हण्याच्या आदी घरचं मानूस जेवत न्हाई. सांग तिला."

अनुष्काने सांगितलं. दोघी थाळ्यांकडे बघत बसल्या. शेवटी सगुणाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "घे बाई, खाल्ला. पन गावात कुनाला सांगू नका."

तेही अनुष्काने सांगितलं. यूनबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. पुढचा अर्धा तास चांगला गेला. मुलं किती, गुडघे कुणाचे जास्त दुखतात, सून कशी आहे. अनुष्का न अडखळता या भाषेतून त्या भाषेत जात-येत होती, आणि मला वाढण्याचंही भान राहत नव्हतं.

मग सगुणाबाईंनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"आता हिला नीट विचार. तुमच्या मुलकात देवाचं सांगायला मानसं संपली व्हय? आमची पोरगी कशाला नेताय? आईबापाला एकटी हाय ती. आन् म्हातारी मानसं आश्रमात टाकता, मग त्यांची सवताची पोरं काय करत्यात?"

अनुष्का यूनबाईंकडे वळून बोलली. यूनबाईंनी हसून मान हलवली, दोन शब्द बोलल्या.

"त्या म्हणतात, साहजिक आहे."

मला कोरियन येत नाही. पण सगुणाबाई पंधरा सेकंद बोलल्या होत्या आणि अनुष्का चार. उरवड्याच्या कारखान्यात मी गुणवत्ता प्रयोगशाळा सांभाळते. तिथे असा फरक दिसला असता तर मी नमुना पुन्हा तपासायला घेतला असता. इथे मी भाताचं पातेलं पुढे केलं.

"हसली का ही?" सगुणाबाई म्हणाल्या. "मी हसन्यासारकं काय बोलले?"

"आजी, भात घ्या ना," अनुष्का म्हणाली.

यूनबाई एकदा सगुणाबाईंच्या चेहऱ्याकडे, एकदा अनुष्काकडे बघत होत्या. आणखी वीस मिनिटं, मग संपेल, असं मी मनात म्हणत होते. हे निभावून जावं अशी माझी अगदी मनापासून इच्छा होती. ते लपवण्यात अर्थ नाही.

अनुष्काने हातातला घास ताटात ठेवला. हात पुसला, ताठ बसली आणि यूनबाईंशी सावकाश, बराच वेळ बोलली. तिची मान लाल झाली होती. मग ती सगुणाबाईंकडे वळली.

"आजी, तुमचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. 'यांना माझी आठवण येईल' एवढंच सांगितलं होतं. आत्ता त्यांच्याकडे तसं कबूल केलं. तुम्ही पुन्हा विचारा, मी सगळं सांगते."

"मला काय पाठ हाय व्हय?" असं म्हणून सगुणाबाईंनी तेच सगळं पुन्हा विचारलं, वर एक वाक्य वाढवलं, "आन् खरं काय ते सांगा म्हनावं." अनुष्काने एकेक वाक्य सांगितलं. या वेळी यूनबाई हसल्या नाहीत. उत्तर देताना मधे दोनदा थांबल्या.

"त्या म्हणतात, देवाचं सांगणारे पुष्कळ आहेत. म्हाताऱ्यांजवळ बसणारे नाहीत. त्या म्हणतात, त्यांनी स्वतःच्या आईला आश्रमात ठेवलं होतं, कारण त्यांची शाळा होती. आई गेली तेव्हा त्या जवळ नव्हत्या. एक परदेशी मुलगी होती. तिला भाषा बेताचीच येत होती. आई शेवटी काय काय बोलली, ते तिने ऐकू आलं तसं लिहून ठेवलं. त्यात आईने लेकीला बोल लावला होता. तोही लिहिला होता."

चुलीवरचं पाणी उकळत होतं. मी उठून झाकण काढलं.

"लावनारच," सगुणाबाई म्हणाल्या. "आई हाय ती."

अनुष्काने हेही जसंच्या तसं सांगितलं. यूनबाईंनी मान खाली घातली, मग सगुणाबाईंनी वाढलेला रस्सा दोन्ही हातांनी घेतला.

जेवणं झाल्यावर यूनबाईंनी काळी वही उघडली आणि अनुष्काला काहीतरी म्हणाल्या. तिचा चेहरा उतरला.

"माझा निकाल आहे," ती आम्हाला म्हणाली. "तोही मीच सांगायचा, असं त्या म्हणतात."

यूनबाई एकेक वाक्य बोलून थांबायच्या, अनुष्का ते मराठीत आणायची.

"माझे उच्चार कच्चे आहेत. मी पुस्तकासारखी बोलते. घाबरले की वाक्यं आखूड करते. आज मी परीक्षेत खोटं भाषांतर केलं. नियमाप्रमाणे परीक्षा तिथेच संपते. याआधी दोघांची त्यांनी तिथेच संपवली आहे." तिने श्वास घेतला, पण थांबली नाही. "त्या दोघांनी आपणहून कबूल केलं नव्हतं. तिकडे मी पुन्हा घाबरेन, पुन्हा चुकेन. तेव्हाही असंच मागे जाऊन दुरुस्त करायचं. सप्टेंबरमध्ये मी जायचं आहे."

शेवटचं वाक्य तिने पहिल्या वाक्याच्याच आवाजात सांगितलं. स्वतःच्या चुका तिने दबक्या आवाजात सांगितल्या नाहीत आणि आनंद चढ्या आवाजात सांगितला नाही. नोकरीतल्या एकवीस वर्षांत असं काम मी फार थोड्यांना करताना पाहिलं आहे. माझ्या हातातली वाटी मी तशीच धरून उभी होते. विश्रामला, तिच्या पप्पांना, फोन करायचा होता.

सगुणाबाई अनुष्काकडे रोखून बघत होत्या. "म्हंजी पास का नापास?"

"पास, आजी."

"मग आदी ते सांगायचं की, भवाने! माझा जीव टांगनीला!"

"त्यांनी शेवटी सांगितलं ना," अनुष्का म्हणाली. आणि वळून, सगुणाबाईंचं हेही वाक्य ती यूनबाईंना सांगू लागली.