शेवटचे चाक गिऱ्हाईकासमोर

मी एक जुना एप्रन आहे. पण मित्रांनो, माझ्यावर वरणाचे डाग शोधू नका, स्वयंपाकघर मी कधी पाहिलेले नाही. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात माझे एक टोक टेबलाच्या कडेला अडकवतात आणि दुसरे कारागिराच्या कमरेला बांधतात. मधे मांडीवर माझी झोळी होते. घड्याळाचे स्क्रू तिळाहून बारीक असतात. ते हातून निसटले तर जमिनीवर हरवू नयेत, माझ्यात पडावेत, यासाठी माझा जन्म.

मला आत्याने शिवले. ती दुकानाची मालकीण, आणि तेव्हा तिचे केस काळेभोर होते. तिच्या मांडीवरून मी पहिल्यांदा उघडे घड्याळ पाहिले आणि थक्क झालो. एवढ्याशा डबीत चाकाला चाक लागलेले, आणि सगळ्यांच्या वर झोके घेणारे एक नाजूक चाक. ते बसवले की निपचित पडलेले घड्याळ एकदम जिवंत होते. आयुष्यभर हेच पाहत आलो, पण मला त्याची अजून सवय झालेली नाही.

दुकानाची एक रीत होती. बाकी सगळे जुळवून ठेवायचे, पण ते शेवटचे चाक गिऱ्हाईकाला समोर बसवून लावायचे. "आपलं घड्याळ सुरू होताना माणसानं बघायला नको का?" आत्या म्हणायची. त्या एका क्षणासाठी लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायचे.

पुढे आत्याची नजर अधू झाली आणि तिच्या जागी तिची भाची बसू लागली. काय हात होता मुलीचा! एकटी असली की चिमट्यात धरलेली केसाएवढी स्प्रिंगसुद्धा थरथरत नसे. पण समोर कुणी येऊन बसले की संपले. घाबरल्यावर लोकांच्या तोंडचे पाणी पळते म्हणतात. भाचीचे ते बहुधा तळहातांत यायचे. चिमटा निसटे, पोलादावर बोटांचे ओले ठसे उमटत, आणि अशा ठशांवर गंज चढतो. मग ती टेबलाखाली गुपचूप मला हात पुसायची. मी चिंब होई आणि नवल करत राही. कुणी हाक मारली नाही, सांगितले नाही, तरी भीतीला ओ देऊन अंगातून झरा फुटतो, हे केवढे अजब!

भाचीला मात्र त्याचे कौतुक नव्हते. आत्याने तिला स्पष्टच सांगितले होते, "मला आता हे दिसत नाही गं. तुला लोकांसमोर जमलं तर दुकान तुझं. नाहीतर कुलूप लावू."

भाचीने गार पाण्यात हात बुडवून पाहिले, श्वास कोंडून पाहिला. शेवटी तिने हातांना पावडर चोळली. हात कोरडे! एका नर्सबाईंचे घड्याळ तिने तशाच हातांनी बसवून दिले. छातीवर अडकवायचे घड्याळ ते, त्यावर बाई रुग्णांची नाडी मोजत. आठवडा व्हायच्या आत बाई परत आल्या. घड्याळ बंद पडले होते.

बाई गेल्यावर भाचीने ते उघडले. पावडर तेलात कालवली जाऊन चाकांच्या टोकांना पिठासारखी चिकटली होती. आत्याला ते दिसले नाही. तिने नाक जवळ नेले.

"घड्याळांना गुलाबाचा वास कधीपासून यायला लागला?"

भाची रडू लागली. "घाम थांबतच नाही, आत्या. काय करू?"

"मग नको थांबवूस. घाम बाहेर असतो, पुसता येतो. पावडर आत गेली बघ. आणि टेबलाखाली चोरासारखी काय पुसतेस? एप्रन वर घे, सगळ्यांसमोर पूस."

मित्रांनो, त्या वाक्याने माझा ऊर भरून आला.

भाचीने सगळे भाग धुतले, पुन्हा जुळवले. नर्सबाई आल्या, समोर बसल्या. भाचीचे हात लगेच पाझरू लागले. तिने ते टेबलावर उताणे ठेवले.

"माझ्या हातांना घाम येतो," ती म्हणाली. "कुणी बघत असलं की जास्तच. मला जरा वेळ लागेल."

"लागू दे की," बाई म्हणाल्या. "कुणाचं बाळंतपण करताना माझेही हात असेच होतात. मी पुसते, सावकाश श्वास सोडते, आणि कामाला लागते."

भाचीने चाक उचलले आणि ते सटकले! माझ्या पोटात धस्स झाले, पण तिथेच तर ते येऊन पडले होते. मी घडी हलू दिली नाही. एरवी भाची उठून आत पळाली असती. आज तिने मला उजेडात घेतले, दोन्ही हात नीट पुसले, लांब श्वास सोडला आणि एरवी ओल्या बोटांवरून घसरणाऱ्या रबराच्या टोप्या चढवल्या. कपाळ अजून ओलेच होते. तिने ते तसेच राहू दिले, चाक शोधले आणि बसवले.

चाकाने एक झोका घेतला. मग दुसरा. मग टिकटिक सुरू झाली, आणि कोपऱ्यातल्या आत्याने ती ऐकून समाधानाने मान हलवली.

घड्याळावर पुन्हा नाडी मोजता येते का, हे पाहायला बाईंनी भाचीचेच मनगट धरले. ओले होते, तरी सोडले नाही. काट्याकडे बघत त्या मोजत राहिल्या.

"घड्याळ झकास आहे," त्या म्हणाल्या. "पण तुझी नाडी केवढी पळतेय गं!"

भीती गेलीच नव्हती! ती आत धावत होती, आणि तरी याच हातांनी घड्याळ सुरू झाले होते. एवढी चाके पाहिली, पण याहून मोठे आश्चर्य मी पाहिलेले नाही.

दुकानाला कुलूप लागले नाही. भाचीला आजही घाम येतो आणि आजही ती मला वर घेऊन हात पुसते. माझ्या कडा मिठाने कडक झाल्या आहेत, मधे विरलोही आहे. मला फेकून देऊ नका, एक ठिगळ लावा, एवढीच माझी विनंती. आणि कुणी आपला ओला हात पाठीमागे लपवताना दिसला, तर त्याच्याकडे टक लावून बघू नका. नर्सबाईंसारखा तुमचा हात पुढे करा, आणि त्याचा हात हातात आला की आपला लगेच पुसू नका.