मौनाचं ताट

अंधेरीतल्या लहानशा थिएटरात मालिकेचा पहिला भाग बघता बघता चंद्रप्रकाश, तोही मालिकांचा लेखकच, नलिनीच्या कानाशी पुटपुटला, "ओकारी येते गं. सासरा थोबाडीत मारतो आणि ही त्याचेच पाय धरते. तू असं लिहिलं होतंस?"

"नाही," नलिनी म्हणाली. तिनं लिहिलेली सून मुकाट्यानं चपला घालून घराबाहेर पडत होती.

दिवे लागले. निर्माते भीमराजशेठ दारात उभे होते, दोन्ही हात पुढे करून, लग्नाच्या मांडवात वरबाप उभा राहतो तसे. बाहेर पडताना प्रत्येकानं ते हात धरायचे आणि काहीतरी गोड बोलायचं, ही तिथली रीत. चंद्रप्रकाशनं तर ते आपल्या छातीशीच नेले. "शेठ, झकास. पाय धरते तिथे अंगावर काटा आला."

नलिनी नुसता नमस्कार करून पुढे सरकली आणि जेवणाच्या खोलीत सगळ्यांच्या आधी ताटावर जाऊन बसली.

चातुर्मासात ती एक वेळ जेवायची आणि जेवताना बोलायची नाही. शब्द निघाला की ताटावरून उठायचं, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत पोटात काही नाही. तिचा हा नेम सगळ्यांना ठाऊक होता. अशा जेवणांत त्याचा तिला फायदाच व्हायचा. कुणी मत विचारलं की तोंडात घास. आज पहिला घास घेताना मात्र तिला स्वतःचीच शिसारी आली. देवासाठी धरलेलं मौन तिनं शेठच्या पंगतीत आडोशाला उभं केलं होतं.

"पुढचे तेरा भाग कोण लिहिणार ते आज ठरवून टाकू," बोटं चाटत भीमराजशेठ म्हणाले. "आपल्याला माणसं एका विचाराची लागतात. काय ताई, आवडलं ना?"

"त्यांचं मौन आहे ना, शेठ," चंद्रप्रकाश म्हणाला. "पण ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी शेजारीच होतो."

"अरे वा. मग जाहिरातवाल्या साहेबांना हेच सांगतो. लेखिकेलाच रडू आलं म्हणून."

पंगत हसली. नलिनीनं कालवलेला वरणभात तसाच ठेवला.

"रडू नाही आलं, भीमराजशेठ. किळस आली. त्या सुनेनं पाय धरलेले मला पटलेले नाहीत. पटले असं माझ्या नावावर कुणाला सांगू नका."

पापड मोडायचे थांबले. कुणीतरी हळूच म्हणालं, "ताई, मौन मोडलं."

"हो," म्हणून तिनं ताटाला हात जोडले आणि ती उठली.

ती हात धूत होती तोच चंद्रप्रकाश उष्ट्या हातानंच मागे आला. आधी त्यानं नळ मोठा केला. "माझ्या मनातलं बोललीस बघ. पण वेळ बघायची ना, यार. तुझे तेरा भाग गेले."

"तुझ्या मनातलं आहे, तर आत जाऊन तूही सांग."

"वेडी की काय तू," म्हणत तो परत गेला.

भूक होतीच, पण त्या खोलीतलं अन्न आता घशाखाली उतरलं नसतं. चपला घालताना उघड्या दारातून तिला दिसलं, चंद्रप्रकाशनं तिच्या ताटातली श्रीखंडाची वाटी स्वतःकडे ओढली होती. "वाया कशाला घालवायचं?" तो म्हणत होता. "आणि शेठ, खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं होतं ते माझ्या."