शून्य की उत्तर नाही

जेवताना रक्तपेढीच्या काउंटरवर काम करणाऱ्या नणंदेने गाऱ्हाणं मांडलं. रक्तपेढीच्या वेबसाइटवर साठ्याचं पान उघडायला गेलं, की पडदा बराच वेळ पांढराफटक राहतो आणि काउंटरवर माणसं ताटकळतात. ते पान वहिनीनेच लिहिलेलं. नणंदेला वाटलं ती चिडेल, पण वहिनीला कुतूहलच वाटलं. दुसऱ्या दिवशी ती काउंटरमागे स्टूल ओढून बसली.

पानावर चार चौकोन होते. इथला साठा, शिबिरांच्या सूचना, दात्यांचे फोन आणि शेजारच्या गावातल्या केंद्राचा साठा. सर्व्हर सगळ्यांची माहिती गोळा करी आणि मगच पान धाडी. शेजारच्या केंद्राचा कॉम्प्युटर मात्र मुलखाचा आळशी. त्या एकापायी बाकीचे तिघे तयार असूनही खोळंबून राहत.

"म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळतंय," नणंद म्हणाली.

वहिनीने रचना बदलली. आता सर्व्हर पानाचा नुसता सांगाडा लगेच पाठवी आणि प्रत्येक चौकोन आपापली माहिती मागाहून मागवून घेई. पान चुटकीसरशी उघडू लागलं. नणंदेने ऑफिसभर वहिनीचं कौतुक केलं.

नवं पान कसं चाललंय ते बघायला वहिनी पुन्हा येऊन बसली, तेव्हा एक माणूस धापा टाकत आला. बायकोला ऑपरेशनला नेत होते आणि तिचा रक्तगट दुर्मिळ. नणंदेने पान उघडलं. इथे शून्य, शेजारच्या केंद्रातही शून्य. तिने त्याला दूरच्या मोठ्या हॉस्पिटलचा पत्ता दिला. तो तसाच धावत बाहेर पडला.

वहिनीची नजर पडद्यावरच होती. बघता बघता दुसरं शून्य गेलं आणि तिथे तीन उमटले. तिने ओरडून नणंदेला ते तीन दाखवले. ते शून्य केंद्राने कळवलेलं नव्हतंच. उत्तर येईपर्यंत चौकोन मोकळा दिसू नये, म्हणून तिनेच ते ठेवलं होतं.

नणंद अनवाणीच धावली. त्याची गाडी फाटकातून निघता निघता तिने त्याला गाठलं आणि शेजारच्या केंद्राकडे पाठवलं. रक्त वेळेवर पोचलं आणि बायको शुद्धीवर आल्याचं त्याने संध्याकाळी फोन करून कळवलं.

 फोन ठेवल्यावर वहिनीने नणंदेला विचारलं, की त्या जागी तुला काय दिसायला हवं होतं?

"वहिनी, नाही म्हणजे नाही आणि माहीत नाही म्हणजे माहीत नाही. माहीत नसेल तर मी फोन तरी लावीन."

त्या चौकोनात आता आधी 'विचारतोय' असं दिसतं. फार वेळ गेला, तर 'उत्तर आलं नाही, फोन करा' असं येतं आणि खाली नंबर.

तरी वहिनीला चैन पडेना. शेजारच्या केंद्राचा तो कॉम्प्युटर इतका वेळ करतो तरी काय? सुट्टीच्या दिवशी नणंदेला घेऊन ती त्या केंद्रात गेली. तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं, की साठा विचारला की हा कॉम्प्युटर केंद्र सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या पिशव्या मोजतो आणि मग वापरलेल्या एकेक करून वजा करतो.

"दर वेळी?" वहिनीने विचारलं.

"दर वेळी. पण आजवर कुणी विचारायला आलंच नाही."

वहिनीने खुर्ची पुढे ओढली आणि त्याला ते मोजणं दाखवायला सांगितलं.