आईचं क्लबातलं नाव

“डॉक्टरला घरी कोण नेणार?” डगलने विचारले.

तो खुर्चीवर चढून भिंतीवरची तसबीर काढत होता. तसबीर बगलेत धरल्यामुळे त्याला एकाच हाताने बोलावे लागत होते, आणि एका हाताने बोलणारा बहिरा म्हणजे तोंडात घास कोंबून बोलणारा माणूस. पण एनिड सतराव्या वर्षापासून बहिऱ्यांच्या या क्लबात येत होती. डगलचे अर्धवट बोलणे तिला पुरायचे.

“तूच ने,” तिनेही हातांनीच सांगितले. “तुझ्या बायकोनंच टांगला होता ना?”

“बायको गेली. आता रोज उठून याचं तोंड बघू? यानंच आपलं दुकान बंद पाडलं!”

हा विनोद क्लबाइतकाच जुना होता, तरी एनिड हसली. तसबिरीतला माणूस सिडनीचा डोळ्यांचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्याच्याकडे मोतीबिंदू झालेली तान्ही बाळे येऊ लागली. बाहेर बाकावर बसलेल्या आया आपसांत बोलत होत्या, पोटुशी असताना मला पुरळ उठलं होतं, अगं, मलाही. डॉक्टरच्या कानावर ते पडले आणि त्याने ते सोडून दिले नाही. तोवर जर्मन गोवर म्हणजे तीन दिवसांचे किरकोळ दुखणे समजत. पुढे त्याच आयांची कितीतरी मुले बहिरी निघाली. मग पंचवीस-तीस वर्षांनी लस आली, तशी मुले जन्मायची जवळजवळ थांबली, आणि न्यूकॅसलच्या या क्लबात नवे तोंड दिसेनासे झाले. उरले ते एनिडच्या बरोबरीचे, सगळे त्या एकाच साथीचे, आता गुडघे धरून जिना चढणारे. आज रविवारचा चहा झाला की किल्ली नव्या मालकाला द्यायची होती.

लस नको होती असे कुणी म्हणत नव्हते. इतके खुळे तिथे कुणी नव्हते. पण आपल्यासारखे माणूस पुन्हा जन्माला येणार नाही म्हणून जग टाळ्या वाजवते, तेव्हा आपण कुठे बघायचे, हे एनिडला कधी उमगले नाही.

“त्यानं आयांचं ऐकलं,” डगल खाली उतरून, तसबीर खुर्चीला टेकवून म्हणाला. “आपलं कोण ऐकत होतं?” मग त्याने दोन्ही तळवे पालथे करून मांड्यांखाली सारल्यासारखे केले आणि भुवया उंचावल्या. “येतेय ना?”

ते एनिडच्या आईचे नाव होते. क्लबात प्रत्येकाला हातांचे एक नाव असते आणि ते मागून मिळत नाही, लोक ठेवतात. एनिड लहान असताना शाळेच्या बाईंनी आईला बजावले होते, “हातवारे करू दिलेत तर पोरगी जन्मात बोलायची नाही.” आईने ते वेदवाक्य मानले. जेवताना, पाहुण्यांसमोर, बसमध्ये, एनिडने हात उचलला की आई तो धरायची आणि तिच्याच मांडीखाली दाबून ठेवायची. एनिड बोलायला शिकली, पण खाटकाच्या दुकानात तिचा आवाज ऐकून रांगेतली माणसे वळून बघू लागली, आणि सोळाव्या वर्षी तिने तोंड मिटले ते मिटलेच. पुढच्या वर्षी ती क्लबात आली. आपली आई कशी आहे हे तिने हात मांडीखाली घालून दाखवले, सगळे पोट धरून हसले, आणि ते नाव चिकटले. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आया तशाच होत्या.

आईला यातले काही ठाऊक नव्हते. ती बोलायची, एनिड तिचे ओठ वाचायची आणि कागदावर उत्तर लिहायची. असा मायलेकींचा संसार बरीच वर्षे चालला. मग आईच्या डोळ्यांच्या ऐन मध्यावर काळोख धरला आणि कागद निकामी झाला. गेल्या वर्षापासून आई बोलायची आणि एनिड नुसता तिचा हात दाबायची. एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही.

या आठवड्यात आई आपणहून म्हणाली होती, “तुझ्या क्लबात ती डगलची मुलगी आहे ना, दोन्हीकडचं बोलणारी? मला घेऊन चल. मला तुझ्याशी बोलायचंय.”

एनिड त्या रात्री नीट झोपली नाही. आपणही बोलायचे असे तिने ठरवले. इतकी वर्षे पोटात ठेवलेले एकच वाक्य होते. माझे हात का दाबलेस?

टेसा आईला धरून आत घेऊन आली. डगलची ही मुलगी कानांनी धड होती, हातांची भाषा तिला आईच्या दुधाबरोबर मिळाली होती आणि उद्याच ती डार्विनला परत जाणार होती. तिने आईला खिडकीजवळ बसवले, हातात चहाचा कप दिला, गुडघ्यावर खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकची बशी ठेवली.

“काय गं हे, केवढी शांतता!” आई म्हणाली. “कुणी आलंच नाही का?”

“खोली भरलीय आजी,” टेसा हसली. “सगळे एकदम बोलतायत.”

आईने कप खाली ठेवला. तिचा चेहरा एनिडच्या जरा बाजूला वळला होता, कारण आता तिला कडेकडेचेच दिसायचे. “पोरी, तू पोटात होतीस तेव्हा लेन मामा छावणीतून सुटीवर आला. अंगभर पुरळ. डॉक्टर म्हणाले, काही नाही, उतरेल. मीच उशापायथ्याशी बसून त्याची सेवा केली. पंधरवड्यानं मलाही पुरळ आलं. आम्ही दोघं आरशात बघून हसलो होतो.” टेसाचे हात मागोमाग चालले होते. “मग पेपरात त्या सिडनीच्या डॉक्टरचं छापून आलं. त्याचे उपकारच म्हणायचे, पुढच्या आयांची पोरं वाचली. पण ते वाचेपर्यंत मी बरी झोपत होते. मला माफ कर. तुझे कान मी घालवले.”

गोवराचा राग एनिडला कधीच नव्हता. गोवर कुणी मुद्दाम आणतो का? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ही बाई पन्नास वर्षे भलत्याच गुन्ह्याची शिक्षा भोगत बसली होती, आणि खरी जखम कुठे आहे याचा तिला पत्ताही नव्हता. एनिडला तिचा राग आला आणि तितकीच दयाही आली.

तिचे हात वर आले. “तिला सांग, कानांचं काही नाही. पण हात...” आणि ती थांबली.

“हातांचं सांगू का मावशी?” टेसाने आवाज न करता विचारले.

आईच्या ओठाच्या कोपऱ्याला नारळाचा कीस लागला होता. मान पुढे काढून ती वाट बघत होती, निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या माणसासारखी.

“सांग,” एनिड म्हणाली, “चूक तुझी नव्हती. लेन मामाचीही नव्हती. मी चांगली जगले.”

टेसाने शब्दन्‌शब्द सांगितले. आईने रुमाल काढला, डोळे पुसले, नाक पुसले, आणि पोरीसारखी उजळली. “इथं म्हणे सगळ्यांना हातांची नावं असतात? टेसा गाडीतून उतरताना सांगत होती. मला आहे का गं?”

टेसाने ते हातांनी सांगितले आणि तिचा चेहरा पडला. आजूबाजूचे हात एकेक करून थांबले. डगल तसबीर पोटाशी धरून जमिनीकडे बघत राहिला.

खरे सांगायला एनिडला तोंड उघडावे लागणार नव्हते, टेसाचीही गरज नव्हती. आईचे दोन्ही हात धरून तिच्याच मांडीखाली सारले असते, की आईला क्षणात कळले असते. एनिडने ते हात हातांत घेतलेही. ते चहाने गरम झाले होते.

मग तिने आईचा उजवा तळहात उचलला आणि आईच्याच गळ्यावर टेकवला.

हेही एनिडच्या लहानपणातलेच. शाळेच्या बाईंनीच शिकवले होते, मुलीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून बोला, तिला शब्दांची थरथर कळू दे. दिवसा तो धडा असायचा. पण झोपताना आई तसाच हात ठेवून गाणे म्हणायची, आणि एनिडला त्यातला एकही शब्द न कळता झोप लागायची.

“हे माझं नाव?” आईने विचारले. “पहिल्यापासून?”

एनिडने तिचा दुसरा हात एकदा दाबला.

डगलने तसबीर टेबलावर ठेवली आणि तळहात आपल्या गळ्याला लावला. मग बाकीच्यांनीही लावला. अख्ख्या खोलीने तिला नव्या नावाने हाक मारली. आईला ती दिसली नाही.

कुणीतरी बटण खालीवर केले, दिवे लागले आणि विझले. चला, वेळ झाली. क्लबात निरोपाला नेहमीच तास लागतो, आज त्याहून जास्त लागला. तसबीर शेवटी एनिडच्या गाडीच्या मागच्या सीटवर आली, कारण ती कुणालाच टाकवेना.

परतताना आई शेजारच्या सीटवर होती. हंटर स्ट्रीटच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा एनिडने वळून पाहिले. आईने तळहात गळ्यावर ठेवला होता आणि तिचे ओठ हलत होते. ती बोलत होती की गात होती, हे बाजूने कळत नव्हते. हात लावून पाहिले असते तर कळले असते. पण दिवा हिरवा झाला, आणि एनिडचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.